संकेतस्थळांवरील कूटबद्ध जोडणी

संकेतस्थळांवरील कूटबद्ध जोडणी म्हणजे वाचकाचा ब्राउझर आणि संकेतस्थळाचा सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण वाटेतील कोणालाही वाचता येऊ नये किंवा नकळत बदलता येऊ नये, यासाठी केलेली तांत्रिक योजना होय. अशा जोडणीसाठी एचटीटीपीएस हा प्रोटोकॉल वापरला जातो. कूटबद्ध नसलेल्या साध्या जोडणीसाठी एचटीटीपी हा मूळ प्रोटोकॉल वापरला जातो. एचटीटीपी सामान्यतः ८० क्रमांकाच्या पोर्टवर, तर एचटीटीपीएस ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो.

कोणत्या पानासाठी कोणती जोडणी वापरावी, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. १९९० च्या दशकात कूटबद्ध जोडणी प्रामुख्याने पैशांचे व्यवहार आणि पासवर्ड यांच्यापुरती आवश्यक मानली जात असे. पानावरील मजकूर गुप्त आहे की नाही, हाच त्यामागील निकष होता. पुढील घटनांनी हा निकष अपुरा असल्याचे दाखवून दिले. जो मजकूर सर्वांसाठी खुला आहे, तोही वाटेत बदलला जाऊ शकतो आणि तो कोण वाचत आहे याची नोंद ठेवली जाऊ शकते. त्यामुळे आज सार्वजनिक आंतरजालावरील सर्वच पानांसाठी कूटबद्ध जोडणी हा सर्वसाधारण नियम मानला जातो. साध्या जोडणीचा वापर काही मोजक्या तांत्रिक कारणांपुरता उरला आहे.

कार्यपद्धती

एचटीटीपी हा प्रोटोकॉल टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबच्या उभारणीच्या वेळी विकसित केला. त्यात ब्राउझर एखादे पान मागतो आणि सर्व्हर ते पाठवतो. ही मागणी आणि तिचे उत्तर घरातील किंवा कार्यालयातील राउटर, आंतरजाल सेवा पुरवणारी कंपनी आणि पुढील अनेक जाळी यांमधून प्रवास करतात. साध्या जोडणीत यांपैकी प्रत्येक टप्प्यावर मजकूर जसाच्या तसा दिसतो. पोस्टकार्ड ज्याच्या ज्याच्या हातातून जाते त्याला ते वाचता येते, तसाच हा प्रकार आहे. येथे मात्र मधल्या माणसाला मजकूर बदलून तेच पत्र पुढे पाठवणेही शक्य असते आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

एचटीटीपीएसमध्ये मागणी आणि उत्तर यांचे स्वरूप तेच राहते. मात्र ते टीएलएस या सुरक्षा-प्रोटोकॉलच्या आवरणातून पाठवले जाते. जोडणीच्या आरंभी सर्व्हर आपले डिजिटल प्रमाणपत्र ब्राउझरकडे पाठवतो. प्रमाणपत्रावरील नाव मागितलेल्या संकेतस्थळाचेच आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना आणि ब्राउझरच्या विश्वासपात्र यादीशी जोडलेल्या एखाद्या प्रमाणपत्र प्राधिकरणाने ते दिले आहे का, हे ब्राउझर तपासतो. प्रमाणपत्राशी निगडित खासगी किल्ली आपल्याकडे असल्याचे सर्व्हरला सिद्ध करावे लागते. त्यानंतर दोन्ही बाजू त्या जोडणीपुरती एक सामाईक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढील सर्व मजकूर त्या किल्लीने कूटबद्ध होतो. टीएलएसच्या १.३ या आवृत्तीतील प्रमाणपत्राधारित जोडणीत ही किल्ली दर वेळी नव्याने तयार होते. त्यामुळे सर्व्हरची खासगी किल्ली पुढे कधी चोरीला गेली, तरी आधी साठवून ठेवलेली जुनी देवाणघेवाण तिच्या साहाय्याने उलगडता येत नाही.

कूटबद्ध जोडणीमुळे पानाचा नेमका पत्ता, शोधलेले शब्द, भरलेले अर्ज, कुकी आणि पानाचा मजकूर झाकला जातो. दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते, देवाणघेवाणीची वेळ आणि आकारमान मात्र झाकले जात नाही. बहुतेक वेळा संकेतस्थळाचे नावही मधल्या यंत्रणांना कळते. म्हणजे एखादी व्यक्ती आरोग्यविषयक संकेतस्थळ पाहत आहे हे सेवापुरवठादाराला समजू शकते, परंतु ती कोणत्या आजाराचे पान वाचत आहे हे थेट दिसत नाही.

संरक्षणाचे तीन घटक

कूटबद्ध जोडणी मजकूर लपवते, एवढाच तिचा उपयोग असल्याचा समज व्यापक आहे. प्रत्यक्षात तिच्यातून तीन वेगवेगळी संरक्षणे मिळतात.

गोपनीयता: वाटेतील व्यक्तीला मजकूर वाचता येत नाही. पासवर्ड, बँकेचे व्यवहार आणि खासगी पत्रव्यवहार यांसाठी ही गरज उघड आहे. वाचनाच्या बाबतीतही ती तितकीच खरी असते. एखादा लेख सर्वांसाठी खुला असला, तरी तो अमुक व्यक्तीने अमुक रात्री वाचला ही माहिती खासगी असते. आजार, कायदेशीर मदत, धर्म किंवा राजकारण यांविषयीच्या वाचनावरून व्यक्तीबद्दल बरेच काही ताडता येते.

अखंडता: मजकूर वाटेत बदलला गेल्यास ब्राउझरला ते कळते आणि तो असा मजकूर स्वीकारत नाही. साध्या जोडणीत अशी कोणतीही तपासणी नसते. त्यामुळे काही सेवापुरवठादार ग्राहकांनी मागितलेल्या पानांमध्ये स्वतःच्या जाहिराती किंवा स्क्रिप्ट घुसवत असल्याची उदाहरणे अनेक देशांत समोर आली. भारतातही २०१५ मध्ये एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या मोबाइल जाळ्यावर असा प्रकार आढळला होता. अमेरिकेतील व्हेरायझन कंपनी ग्राहकांच्या साध्या एचटीटीपी मागण्यांना ओळख पटवणारा एक क्रमांक जोडत असे. या प्रकरणी तेथील दूरसंचार आयोगाने मार्च २०१६ मध्ये कंपनीकडून १३ लाख ५० हजार डॉलर दंड वसूल करण्याचा निर्णय जाहीर केला. कूटबद्ध जोडणीत अशी भर घालणे शक्य नव्हते.

ओळख: ब्राउझर ज्या संकेतस्थळाच्या नावाने बोलत आहे, त्याच नावाच्या सर्व्हरशी तो जोडला गेला आहे याची खात्री प्रमाणपत्रामुळे मिळते. ही खात्री नसेल तर इतर दोन्ही संरक्षणे निरर्थक ठरतात. भलत्याच सर्व्हरशी झालेली कूटबद्ध जोडणी ही भामट्याशी बंद दाराआड केलेली बोलणी ठरते.

अखंडतेचे महत्त्व मार्च २०१५ मधील एका घटनेने ठळक झाले. बायडू या चिनी कंपनीची वाचकसंख्या मोजणारी स्क्रिप्ट अनेक संकेतस्थळांवर वापरली जात असे. चीनबाहेरील वाचकांचे ब्राउझर साध्या जोडणीने ती मागवत असताना काही उत्तरे वाटेत बदलण्यात आली आणि त्यांच्या जागी वेगळी स्क्रिप्ट पाठवण्यात आली. त्यामुळे या वाचकांचे ब्राउझर त्यांच्या नकळत गिटहब या संकेतस्थळाकडे सतत मागण्या पाठवू लागले. सिटिझन लॅबने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या यंत्रणेला ‘ग्रेट कॅनन’ असे नाव देण्यात आले. हे वाचक कोणतेही गुप्त काम करत नव्हते. त्यांनी उघडलेली पाने सामान्य होती, केवळ जोडणी साधी होती.

इतिहास

नेटस्केप या कंपनीने १९९४ मध्ये आपल्या ब्राउझरसाठी एसएसएल हा सुरक्षा-प्रोटोकॉल तयार केला. आंतरजालावरून खरेदी करताना क्रेडिट कार्डाचा क्रमांक सुरक्षितपणे पाठवता यावा, ही त्यामागील एक प्रमुख गरज होती. एसएसएलची दुसरी आवृत्ती १९९५ मध्ये, तर तिसरी १९९६ मध्ये आली. त्यावर आधारित टीएलएस १.० हे मानक जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००६ मध्ये १.१, २००८ मध्ये १.२ आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १.३ या आवृत्त्या आल्या. एसएसएलच्या सर्व आवृत्त्या तसेच टीएलएस १.० आणि १.१ आता कालबाह्य ठरवण्यात आल्या आहेत.

दीर्घकाळ अनेक संकेतस्थळे केवळ लॉगिनचे पान कूटबद्ध ठेवत आणि सदस्य आत आल्यावर पुन्हा साध्या जोडणीवर येत. या पद्धतीत पासवर्ड सुरक्षित राहत असे. परंतु सदस्याची ओळख टिकवणारी कुकी पुढील प्रत्येक मागणीबरोबर उघडी जात असे. ती कुकी हाती लागलेल्या कोणालाही पासवर्डाविना त्या सदस्याच्या खात्यात वावरता येई. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरफॉक्स ब्राउझरसाठी फायरशीप नावाचे विस्तारसाधन खुले केले. सार्वजनिक वायफायवर बसलेल्या इतरांच्या अशा कुकी पकडून त्यांची खाती एका क्लिकवर उघडता येतात, हे त्याने दाखवून दिले. हा दोष तज्ज्ञांना आधीपासून माहीत होता, मात्र फायरशीपमुळे तो सर्वसामान्यांच्या नजरेस आला. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत सर्व सदस्यांसाठी एचटीटीपीएस ही पूर्वनिर्धारित जोडणी केली होती. फेसबुकने २०११ मध्ये तसा पर्याय दिला आणि २०१३ मध्ये तो सर्वांना लागू केला.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमधून आंतरजालावरील व्यापक पाळतीचे स्वरूप समोर आले. आंतरजालाची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने मे २०१४ मध्ये अशी सर्वव्यापी पाळत हा तांत्रिकदृष्ट्या एक हल्लाच असल्याची भूमिका घेतली आणि प्रोटोकॉलांच्या रचनेत तिचा विचार व्हावा असे ठरवले. विकिमीडिया प्रतिष्ठानने ऑगस्ट २०१३ मध्ये लॉगिन केलेल्या सदस्यांसाठी एचटीटीपीएस लागू केले. जून २०१५ मध्ये केवळ वाचन करणाऱ्यांसह सर्वांसाठी ते लागू करण्याची घोषणा झाली. हा निर्णय मराठी विकिपीडियासह सर्व भाषांतील विकिपीडियांना लागू होता. अमेरिकेच्या संघराज्य शासनानेही त्याच महिन्यात आपली सर्व सार्वजनिक संकेतस्थळे २०१६ अखेरपर्यंत एचटीटीपीएसवर आणण्याचा आदेश काढला.

लहान संकेतस्थळांपुढील मुख्य अडचण प्रमाणपत्राचा खर्च आणि ते बसवण्यातील किचकटपणा ही होती. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने डिसेंबर २०१५ पासून सर्वांना विनामूल्य आणि स्वयंचलित पद्धतीने प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठ यांच्याशी संबंधित मंडळींचा त्याच्या उभारणीत सहभाग होता. गूगल क्रोमने जानेवारी २०१७ पासून पासवर्ड किंवा कार्डाची माहिती मागणाऱ्या साध्या पानांवर, तर जुलै २०१८ पासून सर्वच साध्या पानांवर ‘असुरक्षित’ अशी खूण दाखवण्यास सुरुवात केली. पूर्वी कूटबद्ध पानावर विशेष खूण असे, आता साध्या पानावर इशारा दिसू लागला.

कूटबद्धतेविरुद्धचे आक्षेप

वेग आणि खर्च: कूटबद्धतेमुळे सर्व्हरवर मोठा ताण येतो, हा आक्षेप जुन्या यंत्रांच्या काळात बऱ्याच अंशी खरा होता. जीमेल पूर्णपणे एचटीटीपीएसवर नेल्यानंतर गूगलच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये दिलेल्या माहितीनुसार टीएलएसमुळे प्रोसेसरवर येणारा भार एकूण भाराच्या १ टक्क्यापेक्षा कमी होता. पुढे अनेक प्रोसेसरांमध्येच कूटलेखनासाठी खास आज्ञांची सोय झाली. टीएलएस १.३ मुळे जोडणी जुळण्यासाठी लागणारी एक फेरीही वाचली. प्रमुख ब्राउझर एचटीटीपी/२ ही सुधारित आवृत्ती केवळ कूटबद्ध जोडणीवर चालवतात, तर एचटीटीपी/३ च्या रचनेतच टीएलएस अंतर्भूत आहे. त्यामुळे अनेकदा कूटबद्ध पान साध्या पानापेक्षा लवकर उघडते.

सामाईक साठा: या आक्षेपात अधिक तथ्य आहे. साध्या जोडणीत एखाद्या शाळेतील स्थानिक सर्व्हर एकदा आलेले पान साठवून ठेवू शकतो आणि तेच पान इतर विद्यार्थ्यांना पुन्हा देऊ शकतो. कूटबद्ध जोडणीत मधल्या सर्व्हरला पान दिसतच नाही, त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला ते मुळापासून मागवावे लागते. उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या महाग आणि संथ जोडणीवर हा फरक जाणवतो. युगांडाच्या ग्रामीण भागातील शाळेचा असा अनुभव वेबतज्ज्ञ एरिक मेयर यांनी २०१८ मध्ये मांडला होता. अशा ठिकाणी विश्वकोश आणि पाठ्यसामग्री यांची संपूर्ण प्रत स्थानिक यंत्रावर उतरवून ठेवणे हा एक पर्याय असतो.

जुनी उपकरणे: जुन्या फोन आणि संगणकांमध्ये नव्या टीएलएस आवृत्त्या किंवा नव्या प्राधिकरणांची नावे नसतात. सप्टेंबर २०२१ अखेर एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा लेट्स एन्क्रिप्टवर अवलंबून असलेली अनेक संकेतस्थळे काही जुन्या उपकरणांवर उघडेनाशी झाली.

साध्या जोडणीचा उचित वापर

पुढील प्रसंगी साधी जोडणी वापरण्यामागे सबळ कारण असते.

पुनर्निर्देशन: वाचकाने जुना पत्ता वापरल्यास ८० क्रमांकाच्या पोर्टवरील सर्व्हर त्याला एचटीटीपीएस पत्त्याकडे पाठवतो. येथे साध्या जोडणीचे काम तेवढेच असते.

प्रमाणपत्रांची तपासणी: रद्द झालेल्या प्रमाणपत्रांच्या याद्या साध्या जोडणीने दिल्या जातात. त्या एचटीटीपीएसवरून दिल्यास त्या जोडणीचे प्रमाणपत्र तपासण्यासाठी पुन्हा यादी लागेल आणि हे चक्र संपणार नाही. या याद्यांवर प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असल्याने त्यांत केलेला बदल उघडकीस येतो.

स्वाक्षरी असलेल्या संगणक-प्रणाली: डेबियनसारख्या लिनक्स वितरणांची पॅकेजे दीर्घकाळ साध्या जोडणीने पुरवली जात आली आहेत, कारण त्यांची सत्यता स्वाक्षरीने तपासली जाते. या युक्तिवादालाही मर्यादा आहेत. डेबियनच्या एपीटी या साधनात जानेवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या दोषामुळे वाटेतील हल्लेखोराला ही तपासणी चुकवता येत होती. एचटीटीपीएसचे दुसरे आवरण असते, तर हा हल्ला बराच अवघड झाला असता.

सार्वजनिक वायफायचे प्रवेशपान: रेल्वे स्थानक, विमानतळ किंवा उपाहारगृहातील वायफाय आधी स्वतःचे प्रवेशपान दाखवते. असे पान अस्तित्वात आहे का, हे ओळखण्यासाठी फोन आणि ब्राउझर साध्या जोडणीने एक ठरावीक पान मागून पाहतात.

स्थानिक यंत्रे: एखादे संकेतस्थळ तयार करणारा विकासक स्वतःच्याच संगणकावर ते पाहत असेल, तर मजकूर जाळ्यावर जातच नाही. घरगुती राउटर किंवा प्रिंटर यांच्या खासगी आयपी पत्त्यांसाठी सार्वजनिक प्राधिकरणे प्रमाणपत्र देत नाहीत, म्हणून त्यांची पाने अनेकदा साध्या जोडणीवर चालतात. ही सोय आहे, सुरक्षितता नव्हे.

मर्यादा

कूटबद्ध जोडणी वाटेचे रक्षण करते, मुक्कामाच्या प्रामाणिकपणाची हमी देत नाही. बँकेच्या नावाशी साधर्म्य असलेले नाव घेऊन फसवे संकेतस्थळ उभारणाऱ्यालाही त्या नावाचे वैध प्रमाणपत्र मिळू शकते. ब्राउझरमधील कुलपाची खूण म्हणजे संकेतस्थळ विश्वासार्ह असल्याची पावती, असा गैरसमज त्यामुळे धोकादायक ठरतो. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ही खूण बदलून तिच्या जागी तटस्थ चिन्ह आणले. सर्व्हरवर साठवलेली माहिती चोरीला जाणे किंवा वाचकाच्या संगणकात विषाणू असणे, यांवरही कूटबद्ध जोडणी हा उपाय नाही.

संपूर्ण व्यवस्था प्रमाणपत्र प्राधिकरणांवरील विश्वासावर उभी आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्राधिकरणात घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार झाले आणि त्याचा वापर इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध झाला. त्यानंतर त्याच वर्षी ही कंपनी दिवाळखोरीत गेली. जुलै २०१४ मध्ये भारतातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्राधिकरणाकडून गूगलच्या काही नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. भारतीय नियंत्रकांनी संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली आणि क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास ठरावीक भारतीय डोमेनांपुरता मर्यादित केला. अशा घटना लवकर लक्षात याव्यात म्हणून दिलेल्या प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

नियंत्रण आणि सेन्सॉरशिप

साध्या जोडणीत शासनाला एखाद्या संकेतस्थळाचे केवळ एक पान अडवता येते. कूटबद्ध जोडणीत पानाचा पत्ता दिसत नसल्याने संपूर्ण संकेतस्थळ अडवणे किंवा काहीच न अडवणे, असे दोनच पर्याय उरतात. ऑगस्ट २०१५ मध्ये रशियातील नियामक संस्थेने रशियन विकिपीडियावरील चरसविषयक एका लेखामुळे बंदीचा आदेश दिला. विकिपीडिया एचटीटीपीएसवर असल्याने ही बंदी संपूर्ण संकेतस्थळाला लागू झाली आणि एका दिवसात ती मागे घेण्यात आली. तुर्कस्तानात मात्र काही लेखांच्या कारणावरून एप्रिल २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत संपूर्ण विकिपीडिया बंद राहिला. कूटबद्धतेमुळे वाचकाच्या वाचनाचे रक्षण होते. त्याचबरोबर वादग्रस्त पानासाठी संपूर्ण ग्रंथालयालाच कुलूप लागण्याचा धोकाही निर्माण होतो.

अंमलबजावणी

संकेतस्थळावर प्रमाणपत्र बसवल्याने काम पूर्ण होत नाही. कूटबद्ध पानात साध्या जोडणीने आणलेल्या स्क्रिप्ट किंवा चित्रे असल्यास संरक्षणात छिद्र पडते. ब्राउझर अशा स्क्रिप्ट अडवतात. ओळख टिकवणाऱ्या कुकी केवळ कूटबद्ध जोडणीवरूनच पाठवल्या जाव्यात, अशी सूचना सर्व्हरने देणे आवश्यक असते.

पहिल्या भेटीतील पुनर्निर्देशन हे एक कच्चे स्थान आहे. मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २००९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे वाटेतील हल्लेखोर हे पुनर्निर्देशन दाबून वाचकाला साध्या जोडणीवरच अडकवून ठेवू शकतो. यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये एचएसटीएस हे मानक प्रसिद्ध झाले. त्यानुसार संकेतस्थळ ‘यापुढे माझ्याशी केवळ कूटबद्ध जोडणीनेच संपर्क साधावा’ अशी सूचना देते आणि ब्राउझर ठरलेल्या मुदतीपर्यंत ती पाळतो. पहिलीच भेटही सुरक्षित राहावी यासाठी अशा संकेतस्थळांची यादी ब्राउझरमध्ये आधीच समाविष्ट केली जाते.

प्रमाणपत्राचे नूतनीकरण विसरल्यास वाचकांना इशाऱ्याचे पान दिसते आणि संकेतस्थळ व्यवहारतः बंद पडते. एप्रिल २०२५ मध्ये प्राधिकरणे आणि ब्राउझर-निर्माते यांच्या मंचाने प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचे ठरवले. त्यामुळे नूतनीकरण हाताने करण्याऐवजी स्वयंचलित ठेवणे लहान संकेतस्थळांनाही अपरिहार्य होणार आहे.